लेफ्ट मेनची हाय रिस्क अँजिओप्लास्टी, सोबत हृदयाला पंप लावायचा म्हणतायत, नक्की काय असतं हे?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय पण कृपया पूर्ण वाचा. बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून रिटायर, शुगर बरीच जुनी. दिवाळीनंतर दम लागायला लागला, आधी जिना चढताना, मग अंघोळ करून बाहेर आले तरी, आणि आता रात्री पाठीला उशा लावून अर्धं बसूनच झोपतात. टू-डी इको केला तर ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा, २५. अँजिओग्राफीत लेफ्ट मेनच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त देणाऱ्या मुख्य नळीच्या, टोकाला ९० टक्के ब्लॉक निघाला, तोही कॅल्शियमने कडक झालेला, आणि उजवी नळी पूर्ण बंद, ती म्हणे केव्हाच बंद पडलीय, डावीकडूनच बारीक फाटे जाऊन तिकडचा स्नायू जगवतायत.

बायपाससाठी सर्जनना दाखवलं, त्यांनी फाइल नीट बघितली पण नको म्हणाले. जुना पॅरालिसिसचा झटका, फुप्फुसं कमजोर, क्रिएटिनिन १.९ म्हणजे किडनीही कमजोर, आणि ज्या नळ्यांना जोड द्यायचा त्या पुढे फारच बारीक आहेत असं त्यांचं म्हणणं. आता कार्डिऑलॉजिस्ट म्हणतायत की ड्रिल मारून लेफ्ट मेनमध्ये स्टेंट टाकू, पण हे सगळं हृदयाला सपोर्ट देऊन करावं लागेल, एकतर बलून पंप नाहीतर इम्पेला. इम्पेलाचा खर्च ऐकून आई गप्पच झाली, बाकी सगळं बिल एकीकडे आणि तो पंप एकीकडे, आकडा दोन आकडी लाखांत आहे.

मला कळत नाहीये की हा पंप तासा-दीड तासाच्या प्रोसिजरपुरता करतो काय, दोन्हीत फरक काय, आणि खरंच लागतो की नाही. मामा म्हणतात बिल वाढवायला सांगतायत. डॉक्टर तसे वाटत नाहीत, बोलले नीट, पण आम्हालाच प्रश्न काय विचारायचे ते सुचलं नाही. कोणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

लालरेघ
दादा, मी कॅथलॅब टेक्निशियन आहे, म्हणजे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीतला, डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांना काय करावं ते मी सांगणार नाही, पण टेबलावर काय होतं ते रोज बघतो, तेवढं सांगतो.

आधी हृदयाला स्वतःला रक्त कसं मिळतं ते बघा, कारण सगळा खेळ तिथेच आहे. बाकी शरीराला रक्त जातं हृदय आवळतं तेव्हा. पण हृदय आवळतं तेव्हा त्याच्या स्नायूत शिरलेल्या नळ्या पण दाबल्या जातात, म्हणून डाव्या नळीतलं बहुतेक रक्त दोन ठोक्यांच्या मध्ये, हृदय सैल पडतं तेव्हा वाहतं. म्हणजे बीपीचा खालचा आकडा इथे कामाचा. आणि त्या आकड्यातूनही हृदयाच्या आत जे प्रेशर तुंबलेलं असतं ते वजा करायचं. समजा खालचं बीपी ६० आहे आणि कमजोर हृदयात आतलं प्रेशर २५, तर रक्त स्नायूत ढकलायला उरले ३५. बीपी अजून १५ ने पडलं की उरले २०. शिवाय हृदयाचा स्नायू आराम करत असतानाही रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतो, त्यामुळे अडचणीच्या वेळी त्याच रक्तातून जास्त खेचून घेऊ असं त्याला करता येत नाही, रक्तच जास्त यायला लागतं.

आता बाबांची केस. उजवी बंद, तिकडचं रक्तही डावीकडूनच. म्हणजे अख्खं हृदय त्या एका लेफ्ट मेनवर. त्यात आम्ही वायर घालतो, ड्रिल म्हणजे रोटाचा बर चालवतो, तो मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे मारतो आणि कॅल्शियमचा बारीक भुगा पुढे बारीक नळ्यांत जातो, त्याने थोडा वेळ प्रवाह मंदावू शकतो. मग बलून फुगवतो, तेवढे सेकंद लेफ्ट मेन पूर्ण बंद. चांगल्या हृदयाला वीस सेकंद काही वाटत नाही. ईएफ २५ वाल्याचं मॉनिटरवर लगेच दिसतं, प्रेशरची लाल रेघ आधी बुटकी होते, ११० चे ८० होतात, ८० चे ६०, मग ईसीजी रुंद व्हायला लागतो. बलून सोडला की बहुतेक वेळा रेघ परत चढते. नाही चढली तर तो फेरा सुरू होतो, बीपी कमी म्हणून हृदयाला रक्त कमी, रक्त कमी म्हणून हृदय अजून कमजोर, म्हणून बीपी अजून कमी. हा फेरा सुरूच होऊ नये म्हणून पंप.

बलून पंप म्हणजे आयएबीपी. जांघेतून एक लांबट फुगा छातीतल्या महाधमनीत सोडतात, डाव्या हाताला जाणारी नळी फुटते तिच्या जरा खाली. त्यात हेलियम आत-बाहेर होतो, बहुतेक ४० सीसीचा फुगा असतो. हृदय सैल पडलं की फुगतो, त्यामुळे रक्त मागे कोरोनरीकडे, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या नळ्यांकडे, ढकललं जातं, आणि हृदय आवळायच्या ऐन आधी पिचकतो, त्यामुळे समोरचा दाब कमी होऊन हृदयाला रक्त बाहेर टाकणं सोपं जातं. पण काम मुळात हृदयालाच करायचं असतं, हा फक्त हात लावतो, मिनिटाला जास्तीत जास्त अर्धा लिटर वाढतं. हेलियम हलका म्हणून नळीतून झटकन येतो-जातो. ठोके खूप अनियमित असले की टायमिंग बिघडतं, मग फायदा अजून कमी.

इम्पेला वेगळा प्रकार. ती बारीक नळी एओर्टिक व्हॉल्व्हमधून, म्हणजे डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या झडपेतून, थेट डाव्या कप्प्यात जाते, एक तोंड आत, एक बाहेर महाधमनीत, आणि मधे एवढीशी मोटर मिनिटाला चाळीस हजारांच्या वर फेरे मारत आतलं रक्त ओढून बाहेर टाकत राहते. हृदय अगदी थंडावलं तरी प्रवाह चालू राहतो. सीपी मॉडेल साडेतीन लिटरच्या आसपास देतं. आणि कप्पा रिकामा होत असल्यामुळे आतलं तुंबलेलं प्रेशरही उतरतं, म्हणजे वर सांगितलेल्या वजाबाकीत दोन्ही बाजूंनी फायदा. यावर असताना मॉनिटरवरची लाट कधीकधी इतकी सपाट होते की नवीन सिस्टर घाबरतात, पण मीन, म्हणजे सरासरी, प्रेशर छान असतं.

या पंपांच्या घराण्याची गोष्ट मला फार आवडते. रिचर्ड वॅम्प्लर नावाच्या अमेरिकन माणसाने १९७६ मध्ये इजिप्तमधल्या एका खेड्यात आर्किमिडीजच्या स्क्रूने, म्हणजे नळीत फिरणाऱ्या मोठ्या मळसूत्राने, पाणी वर चढवताना बघितलं, त्यातून हेमोपंप जन्माला आला आणि १९८८ मध्ये टेक्सासमध्ये माणसाला लावला गेला. इम्पेला त्यानंतर जर्मनीतल्या आखेनमध्ये तयार झाला.

पण जाडीचा हिशोब विसरू नका. बलून पंपाची शीथ, म्हणजे पंप आत सोडायला पायात घालतात ती नळी, साधारण अडीच मिलिमीटरची, इम्पेला सीपीची साडेचारच्या पुढे. शुगरवाल्या माणसाच्या पायाच्या नळीत ती बसते का, हा पहिला प्रश्न.

सह्याद्रीचा_वारा
मोठी पोस्ट टाकलीत, धन्यवाद. दादा, माझं मत विचाराल तर पैशाकडे बघू नका, इम्पेलाच घ्या. त्याने जीव वाचतो हे आता सिद्ध झालंय, डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात आलंय.

हृदयस्थ
मी इंटरव्हेन्शनल कार्डिऑलॉजीत काम करतो. वरच्या टेक्निशियन मित्रांनी जे लिहिलंय ते अचूक आहे. पण सह्याद्रीचा_वारा, तुमच्या वाक्यामुळे माणूस शेती विकून पंप घेईल, म्हणून जरा थांबा.

तुम्ही म्हणताय तो डेंजर शॉक अभ्यास, २०२४ मध्ये आला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधले पेशंट. त्यात १८० दिवसांत मृत्यू इम्पेला गटात ४५.८ टक्के आणि नेहमीच्या उपचारात ५८.५ टक्के, म्हणजे फायदा खरा आणि मोठा. पण ते पेशंट कोण होते? मोठा हार्ट अटॅक येऊन शॉकमध्ये गेलेले, बीपी टिकत नसलेले. कृष्णाकाठ यांचे बाबा घरून चालत ओपीडीत आलेत. दोन्ही गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. आणि त्याच अभ्यासात रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं, रक्तपेशी फुटणं वगैरे गंभीर त्रास मिळून इम्पेला गटात २४ टक्के आणि दुसऱ्या गटात ६.२ टक्के होते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डाव्या बाजूच्या इम्पेलाबद्दल सर्वात वरच्या श्रेणीची सूचना काढली, पंपाने डाव्या कप्प्याला भोक पडल्याच्या घटना होत्या, १२९ गंभीर इजा, त्यात ४९ मृत्यू. पंप बाजारातून काढला नाही, वापराच्या सूचना बदलल्या. तज्ज्ञ हातात तो उत्तम साधन आहे, पण निर्धोक नाही.

ठरवून केलेल्या हाय रिस्क अँजिओप्लास्टीत पुरावा काय आहे ते सांगतो. ब्रिटनमध्ये बीसीआयएस-१ झाला, ३०१ पेशंट, सगळ्यांचा ईएफ ३० किंवा कमी आणि ब्लॉक भरपूर. अर्ध्यांना आधीच बलून पंप लावला, अर्ध्यांना नाही. २८ दिवसांत मोठ्या घटनांमध्ये फरक नाही आला. पण न लावलेल्या गटात १२ टक्के लोकांना टेबलावर प्रकृती ढासळल्यामुळे ऐनवेळी पंप लावावाच लागला. आणि पुढे चार-पाच वर्षांनी बघितलं तर आधीच पंप लावलेल्या गटात मृत्यू कमी होते. याचा अर्थ नेमका कसा लावायचा यावर आम्ही लोक अजून वाद घालतो, कारण अभ्यास मुळात त्यासाठी आखलेला नव्हता.

मग प्रोटेक्ट टू, इम्पेला २.५ विरुद्ध बलून पंप, साडेचारशेच्या आसपास पेशंट, २०१२ मध्ये छापला. ३० दिवसांत फरक नाही. ९० दिवसांत इम्पेलाकडे थोडा कल दिसला पण गणिती कसोटीवर पक्का उतरला नाही, आणि अभ्यास मधेच थांबवला होता. अमेरिकेच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये म्हणूनच ठरवून पंप लावणं हे 'निवडक पेशंटमध्ये लावता येईल' एवढ्याच पातळीवर ठेवलंय, लावलाच पाहिजे असं कुठेही नाही.

आता मामांच्या शंकेचं. निव्वळ बिल वाढवणं असं म्हणायला बाबांची केस अजिबात हलकी नाही. उजवी बंद, लेफ्ट मेन कडक, ईएफ २५, रोटा लागणार. सपोर्टचा विचारच न करणारा डॉक्टर मला जास्त खटकला असता. प्रश्न फक्त कुठला सपोर्ट, आधी की तयार ठेवून, हा आहे.

पण त्याच्याही आधीचा एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाहीत, आणि तोच मला सर्वात मोठा वाटतो. स्टेंट टाकून मिळणार काय? २०२२ मध्ये रिव्हाइव्ड अभ्यास आला, ७०० पेशंट, ईएफ ३५ किंवा कमी, स्नायू जिवंत असल्याचं तपासलेलं. अर्ध्यांना अँजिओप्लास्टी अधिक औषधं, अर्ध्यांना फक्त नीट औषधं. साधारण साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं ३७.२ आणि ३८ टक्के, म्हणजे सारखंच. त्यात लेफ्ट मेनवाले थोडे होते आणि ज्यांना छातीत खूप दुखतं असे घेतलेच नव्हते, त्यामुळे तो निकाल बाबांना जसाच्या तसा लावू नका. पण म्हणूनच विचारतो, बाबांना छातीत दुखतं का, की फक्त दम? आणि सध्या गोळ्या कोणत्या चालू आहेत?

कृष्णाकाठ
डॉक्टर, खूप आभार, एवढं कोणी समजावलं नव्हतं. छातीत दुखतं, हो. चालल्यावर छाती आवळते म्हणतात, आणि मागच्या आठवड्यात बसल्या बसल्या दोनदा झालं, जिभेखालची गोळी ठेवली तेव्हा थांबलं. गोळ्या म्हणाल तर इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्ट्रॉलची, एक बीटा ब्लॉकर आणि लघवीची अर्धी गोळी. अजून एक, अँजिओग्राफी हातातून केली होती आणि नंतर राउंडला आलेले छोटे डॉक्टर म्हणाले डाव्या पायाची नाडी नीट लागत नाही. ते कोणी पुढे बोललंच नाही.

हृदयस्थ
बसल्या जागी दुखतंय म्हणजे चित्र बदललं. लेफ्ट मेन ९० टक्के आणि आरामात दुखणं, इथे नळी उघडण्याला अर्थ आहे आणि फार दिवस लांबवूही नका. परत बसल्या बसल्या दुखलं आणि गोळीने पाच मिनिटांत गेलं नाही तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

पण उशा लावून झोपतात ही गोष्ट मला सपोर्टच्या वादापेक्षाही महत्त्वाची वाटते. छातीत पाणी आहे. कॅथलॅबच्या टेबलावर दोन तास सपाट झोपायला लागतं, दम लागला की माणूस हलतो, घाबरतो, ठोके वाढतात, आणि मग भूल देऊन नळी घालायची वेळ येते, त्याने बीपी अजून पडतं. शक्य असेल तर आधी दोन-चार दिवस ॲडमिट करून शिरेतून लघवीचं औषध देऊन पाणी उतरवा. हृदयाच्या उजव्या बाजूने नळी घालून आतली प्रेशरं मोजता येतात, ती बघितली की कळतं की राखीव ताकद किती आहे. आतलं प्रेशर उतरलेलं असेल, मीन बीपी ७० च्या वर असेल तर कधीकधी बलून पंपावर किंवा फक्त तयारी ठेवूनही काम होतं, आणि तेच प्रेशर चढलेलं असेल तर इम्पेला पण अपुरा वाटतो. हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, की प्रेशरं मोजणार का आणि पाणी आधी काढणार का.

किडनीमुळे डाय, म्हणजे फिल्मवर नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, कमीत कमी वापरायला लागेल. नळीच्या आतून सोनोग्राफी करतात, आयव्हीयूएस, त्याने डाय बराच वाचतो आणि लेफ्ट मेनचा स्टेंट नीट बसलाय का तेही कळतं. माझ्या मते लेफ्ट मेनला ते हवंच, पंपाचे पैसे जमवायच्या नादात हे कापू नका.

लालरेघ
डाव्या पायाची नाडी लागत नाही हे आधी का नाही सांगितलंत दादा! आधी दोन्ही पायांचा डॉपलर करून घ्या, ती सोनोग्राफी असते, डाय लागत नाही, किडनीला त्रास नाही. पोटातल्या आणि जांघेतल्या मोठ्या नळ्यांचा सीटी केला तर उत्तम चित्र मिळतं पण त्याला डाय लागतो, तो डॉक्टर ठरवतील. नळी अरुंद किंवा कॅल्शियमने भरलेली असेल तर मोठी शीथ आत गेल्यावर पायाचं रक्तच अडतं. मग दुसरा पाय बघतात, नाहीतर खांद्याखालच्या नळीतून पंप टाकतात, ते सगळीकडे होत नाही. टेबलावर झोपवल्यावर हे शोधत बसायचं नसतं.

आणि इकोमध्ये दोन गोष्टी लिहिल्यात का बघा, डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी आहे का आणि एओर्टिक व्हॉल्व्ह गळतोय का. गुठळी असेल तर इम्पेला आत घालत नाहीत. व्हॉल्व्ह जास्त गळत असेल तर बलून पंपही चालत नाही, फुगा ढकलतो ते रक्त उलटं हृदयातच येतं.

ओवी_यूके
कृष्णाकाठ, मी मूळची साताऱ्याची, इकडे इंग्लंडमध्ये कार्डिॲक युनिटला नर्स आहे. प्रोसिजरबद्दल वरच्या दोघांनी छान सांगितलंय, मी फक्त नंतरचं सांगते कारण नातेवाईकांनी लक्ष ठेवायचं ते तिथे असतं.

ठरवून केलेल्या केसमध्ये सगळं सुरळीत झालं तर पंप बहुतेक वेळा टेबलावरच हळूहळू कमी करून काढतात. पण बीपी टिकत नसेल तर तो लावूनच पेशंट आयसीयूत येतो, एखाद दिवस राहतो. अशा वेळी ज्या पायातून पंप आहे तो पाय गुडघ्यात वाकवायचा नाही, डोक्याकडची बाजू ३० अंशांपेक्षा वर करायची नाही. बाबांना उशांची सवय, ते उठून बसायला बघतील. त्यांना आधीच समजावून ठेवा, तुम्ही सांगितलेलं ते ऐकतील, झोपेच्या गुंगीत सिस्टरचं ऐकत नाहीत पेशंट.

आम्ही पेशंट आला की पहिलं काम करतो ते म्हणजे पावलावर नाडी शोधून तिथे पेनाने फुली मारायची. पायाच्या वरच्या बाजूला एक आणि घोट्याच्या आतल्या बाजूला एक. मग दर तासाला त्याच फुलीवर हात किंवा डॉपलरची पेन्सिल ठेवायची. पाऊल गार पडलं, पांढुरकं झालं, बोटं हलवता येत नाहीत, मुंग्या येतात किंवा पोटरी लाकडासारखी घट्ट लागली तर ते लगेच सांगायचं, सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही. तुम्हाला आत सोडलं की चादर बाजूला करून दोन्ही पावलांना हात लावून बघा, कोणी काही म्हणत नाही.

दुसरं लघवी. कॅथेटरच्या पिशवीत लघवी कोलासारखी गडद दिसली तर रक्तपेशी फुटत असतात, इम्पेलावर हे होतं, कधी पंप जागचा थोडा हलल्यामुळे, मग इको करून तो सरकवतात किंवा वेग कमी करतात. तिसरं, कंबर किंवा कुशीत जोरात दुखणं. जांघेत बाहेर काहीच दिसत नसतं आणि आत पाठीमागे रक्त साठत असतं. वयस्कर माणसं 'पलंगाने पाठ धरली' म्हणून सोडून देतात. नवीन कंबरदुखी आणि बीपी खाली, हे सोबत आलं तर ओरडून सांगा.

मी हे घाबरवायला लिहीत नाहीये हो. लवकर कळलं तर यातलं बरंच सावरता येतं म्हणून लिहितेय.

नर्मदाकाठची_सून
माझ्या सासऱ्यांचं मागच्या वर्षी जवळपास असंच होतं, लेफ्ट मेन आणि ईएफ ३०. आम्हालाही दोन्ही पंपांचे पर्याय दिले होते. त्यांना बलून पंप लावून केलं, दुसऱ्या दिवशी दुपारी काढला, आता रोज देवळापर्यंत चालत जातात. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही पण आशेला जागा आहे हे सांगावंसं वाटलं.

पैशाचं सांगते कारण ते कोणी नीट सांगत नाही. स्टेंटच्या किमतीला फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, पंपाला तशी नाही, त्यामुळे कोटेशन लेखी घ्या. त्यात पंप वेगळा, शीथ वेगळी, रोटाचा बर आणि वायर वेगळी, आयव्हीयूएसचा कॅथेटर वेगळा, आयसीयूचे दिवस वेगळे असं फोडून मागा. आणि एक प्रश्न नक्की विचारा, पंप 'स्टँडबाय' ठेवला आणि पाकीट उघडलंच नाही तर पैसे लागणार का. आमच्याकडे नाही लागणार असं लेखी दिलं होतं. महात्मा फुले योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत कव्हर आहे, पण अँजिओप्लास्टी बसते म्हणून पंप बसेलच असं धरू नका, ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटून कोणत्या पॅकेजमध्ये काय येतं ते त्याच्याकडून कळून घ्या. ॲडमिट झाल्यावर धावपळीत हे होत नाही.

सह्याद्रीचा_वारा
डॉक्टर, तुमचं वाचलं, पटलं. शॉकचा अभ्यास आणि ही केस वेगळी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग एक विचारू का, पैसे असतील आणि पाय चांगले असतील तर तुम्ही स्वतः काय लावाल?

हृदयस्थ
फाइल आणि अँजिओची फिल्म न बघता एका पेशंटबद्दल हो-नाही सांगणं चुकीचं होईल. तत्त्व सांगतो. एकच नळी अख्खं हृदय पोसतेय, रोटा लांबणार आहे, आणि पाणी काढल्यावरही आतलं प्रेशर चढलेलंच आहे, अशा पेशंटला मी इम्पेलाकडे झुकतो, पायाच्या नळ्या धडधाकट असतील तरच. पाणी उतरलंय, बीपी चांगलं आहे, काम पटकन होणारं आहे, तर बलून पंप किंवा दुसऱ्या जांघेत बारीक शीथ टाकून पंप हाताशी ठेवणं. आणि पाय खराब असतील तर मोठा पंप हट्टाने घालण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने, एका वेळी कमी काम, हा मार्ग चांगला. टीमने वर्षभरात असे पंप किती लावलेत हे विचारायला अजिबात संकोच करू नका. ज्या टीमला बलून पंप रोजचा आहे आणि इम्पेला कधीतरी, तिथे बाबांसाठी बलून पंपच जास्त सुरक्षित असू शकतो.

ईसीएमओ पण असतं, रक्त बाहेर काढून ऑक्सिजन मिसळून परत घालणारं मशीन. प्रवाह भरपूर मिळतो पण त्यात रक्त उलट्या दिशेने ढकललं जातं त्यामुळे कमजोर डाव्या कप्प्यावर उलट ताण येतो. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत तो पहिला पर्याय नसतो.

कृष्णाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. आज पुन्हा भेटून आलो, या धाग्यावरचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी अर्धा तास दिला. पायांचा डॉपलर झाला, उजवा पाय चांगला आहे, डाव्यात मांडीत ब्लॉक आहे. इकोत गुठळी नाही, व्हॉल्व्ह किरकोळ गळतो. परवा ॲडमिट करून आधी पाणी काढणार, मग प्रेशरं मोजून ठरवणार, बलून पंप उजव्या पायातून हा त्यांचा पहिला विचार, इम्पेला मागवून ठेवणार पण पाकीट फोडलं तरच पैसे. आयव्हीयूएस करणारच होते म्हणाले. मामा पण सोबत होते, त्यांनीही दोन प्रश्न विचारले आणि बाहेर आल्यावर म्हणाले माणूस सरळ आहे.

आईचा एक प्रश्न राहिला. पंप लावला, स्टेंट टाकला, पंप काढला, मग हृदयाची ताकद वाढलेली असेल का, २५ चे ४० होतील का?

हृदयस्थ
चांगली तयारी झालीय तुमची. आईंना सांगा की पंप फक्त त्या तासा-दोन तासांपुरता आहे, तो काढला की त्याचं काम संपलं. स्टेंटने छातीतलं दुखणं कमी व्हावं आणि लेफ्ट मेन अचानक बंद पडायचा धोका टळावा ही अपेक्षा धरा. ईएफ वाढेल अशी खात्री देता येत नाही, रिव्हाइव्डमध्ये सहा महिने आणि वर्षाने मोजलं तर स्टेंटवाल्यांचा ईएफ नुसत्या औषधवाल्यांपेक्षा वेगळा नव्हता. दोन्ही गटांत जी सुधारणा झाली ती औषधांची.

आणि तिथेच बाबांची यादी मला अपुरी दिसते. हार्ट फेल्युअरच्या चार मुख्य औषध-गटांपैकी बीटा ब्लॉकर सोडला तर बाकीच्या तीनमधलं एकही नाही. क्रिएटिनिन १.९ आणि पोटॅशियम बघून काही सावकाश, कमी डोसने सुरू करावी लागतील, पण शुगरसाठीही चालणारी ती ग्लिफ्लोझिन गटाची गोळी तरी त्यांना बसते का, हे ॲडमिट असतानाच विचारा. डिस्चार्जच्या कागदावर ती नावं नसतील तर का नाहीत ते विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल लेफ्ट मेनच्या स्टेंटनंतर एक दिवसही चुकवायचं नाही, दाताच्या किंवा डोळ्याच्या डॉक्टरांनी बंद करा म्हटलं तरी आधी कार्डिऑलॉजिस्टला फोन.